आज आत पुरुष नाहीत

सांगली, चैत्र वद्य, शुक्रवार, १९४४

दादा लढाईवर गेल्यापासून स्टुडिओ मी चालवते. फोटोचे काम रीतसर शिकले, पण गिऱ्हाईक नाही. उन्हाळाही असाच गेला तर मालक जागा काढून घेणार. मी जाहिरात लिहिली होती: मापे, दर, सारे बिनचूक. वहिनीने ती बाजूला सारली.

"सुट्टीला माहेरी आलेल्या लेकी जाहिरात वाचत्यात व्हय? हळदीकुंकवाला नटून निघत्यात, तवाच गाठायचं."

तिने स्टुडिओतच चैत्रगौर मांडली, पन्हे केले आणि दारावर पाटी लावली: 'आज आत पुरुष नाहीत.' मला ते सवंग वाटले.

दुपारनंतर बायका मावेनात. लेकींबरोबर आलेल्या एका म्हातारीने पाटी वाचून घेतली. म्हणाली, "मग पदर जरा मागं घिऊ का गं?" लेकी हसल्या, फोटोत तिलाच मध्ये बसवले.

कॅमेऱ्यामागे बाई आहे, हे माझ्या जाहिरातीत नव्हतेच. ते लपवावेसे का वाटले मला?

जागा सुटत नाही आता. फोटोची आजची शेवटची काच वहिनीसाठी ठेवली, तिचा फोटो दादाला पाठवायला. वहिनी तसूभर हलली नाही, तरी फोटो हलला. भिंगाचे झाकण काढताना माझाच धक्का लागला असणार. उद्या पुन्हा काढीन.

पाटी मात्र मी उतरू दिली नाही.