फोन ज्याला नुसतं ‘चित्र’ म्हणतो

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी अजून भागाकारातच अडकले आहे. ऐकून तुम्ही आधी हसला असतात, मग “काऊन?” म्हणून विचारलं असतंत. म्हणून नीट सांगते.

सालेकशाच्या आपल्या शाळेमागून मालगाडी जायची तेव्हा तुमचं बोलणं थांबायचं, खडू थांबायचा नाही. डावीकडे भाजक, मध्ये भाज्य, उजवीकडे उत्तर, दोन बाजूंना दोन बाकदार कंस आणि खाली पायरी पायरीनं उतरणारी वजाबाकी. एकदा मी पाटीवर नुसतं उत्तर लिहून आणलं. बरोबर होतं ते. तुम्ही ओल्या बोटानं पुसलंत. “उत्तर कायले दाखवून राहिली? तू कशी गेली ते दाखव.” मी रडले. तुम्ही समजूत काढली नाही, दुसरं गणित घातलंत.

आता मी गोंदियात असते. शाळेची पुस्तकं इंटरनेटवर चढवायचं काम करते. चार वर्षांपूर्वी तुमच्याच शाळेतली सातवीची एक मुलगी भेटली. तिला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो, ती ऐकून शिकते. अपूर्णांक, वर्गमूळ फोन बरोबर वाचतो, कारण ते कसं मांडायचं याचे नियम वेबवर ठरलेले आहेत. पायऱ्यांच्या भागाकाराचे ठरलेले नाहीत. आम्ही त्याचा फोटो लावतो आणि फोन म्हणतो, “चित्र.” ती म्हणाली, “ताई, त्या चित्रात काय होऊन राहिलं ते मले कोण सांगन?” मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, “मॅडम, फोटो लगा दो, चल जाएगा.”

हे नियम ठरवणारी माणसं दूरदेशी असतात, पण त्यांच्यापुढे प्रस्ताव कोणीही मांडू शकतं. मी मांडला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं की अंक कोणत्या अंकाखाली यावा, रेघ कुठून कुठवर जावी, फोननं कोणती पायरी आधी बोलावी. कंस काढताना तुमचाच हात आठवत होता. उत्तरं आली, तीही गोड. असा नियम पूर्वी कागदावर होता म्हणे, वेबची पानं दाखवणाऱ्या कोणत्याच ब्राउझरनं घेतला नाही म्हणून गळला. संगणकावरून झालेल्या एका बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, “कल्पना छान आहे, पण बनवणार कोण?” मी म्हटलं, “तुम्ही?” ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते. निदान दोन ब्राउझरवाले तयार हवेत, असा तिथला रिवाज. मला एकही मिळाला नाही.

तोवर दर शनिवारी मी त्या मुलीकडे जायचे. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून पायऱ्या करायचे, ती बोटांनी चाचपायची. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचायची, मग वरचा अंक खाली घेताना जागा हरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दहावी कशीबशी झाली, पुढे तिनं गणित सोडलं. तिची आई म्हणाली, “बरं झालं जी, लय डोकं दुखे तिचं.” मी मान हलवली.

मागच्या महिन्यात प्रस्ताव बंद झाला. कोणाचीच हरकत नाही, फक्त बनवणारं कोणी नाही, असं दोन ओळींत लिहून आलं. हरकत असती तर मी भांडले असते, बाई. नव्यानं मांडायचं बळ आता नाही, आणि मांडून काही होईल असंही वाटत नाही.

परवा त्या मुलीचा फोन आला होता. “ताई, तो भागाकार आला का फोनमध्ये? माह्या लहान बहिणीले पण दिसत नाही.” मी म्हटलं, “काम चालू आहे.”

तिला खरं सांगायचं म्हणून शब्द जुळवायला बसले होते, आणि लिहीत बसले तुम्हाला. हे पत्र कुठे जायचं नाही. तिलाही मी अजून फोन केलेला नाही.