बावीस जोड बूट

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सोरिनचे नाचाचे बूट पुन्हा टाचेशी उसवले. पास होऊन गेलेल्या एका मुलीकडून जुने घेतले होते, ते किती टिकणार? काळा दोरा संपलेला — निळ्याने शिवले. टाचेवर जाड टाका आला. पोरगी म्हणते, "आई, सगळ्यांचे बूट काळे कुळकुळीत आणि माझ्याच बुटांना निळी शेपटी." म्हटलं, बरंय की, हरवणार नाहीत.

चौथं वर्ष संपत आलं. गाणं, नाच आणि नाटक मिळून एक पदवी — मला मॅट्रिकवालीला अजून धड सांगता येत नाही. चर्चमध्ये कुणी विचारलं तर 'संगीत शिकते' म्हणते. शेवटचा प्रयोग ३१पासून. मुख्य भूमिका दोघींत वाटलेली — एक दिवस सोरिन, एक दिवस ओन्यू. पहिल्या वर्षापासूनच्या मैत्रिणी. ओन्यू घरी आली की माझा सोयाबीनचा रस्सा वाटीला तोंड लावून पिते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या रंगमंचावर डुकराचं उकडलेलं डोकं मांडणार. सगळी मुलं बूट काढून चटईवर जायची, त्या डोक्यापुढे कपाळ टेकायचं — प्रयोगात विघ्न नको म्हणून. नाटकवाल्यांची रीत. गेली तीन वर्षं सोरिन मागे दिव्यांच्या कामात होती, तिला कुणी बोलावलं नाही. यंदा मुख्य भूमिका.

मी स्पष्ट सांगितलं. "त्या डोक्यापुढे वाकलीस तर माझ्या हातचं जेवू नकोस."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी रोज सुपरवायझरपुढे वाकतो. ते चालतं?"

मी प्रार्थना केली.

२४ ऑक्टोबर

सहाला आली. दारातच विचारलं, "वाकलीस?"

"तू सांगितलं होतंस ना," म्हणाली आणि जेवायला बसली.

प्रभूची स्तुती असो.

२६ ऑक्टोबर, रविवार

उपासनेत उभी राहून साक्ष दिली. माझी मुलगी तेवीस जणांत एकटी ताठ उभी राहिली, असं सांगितलं. आमेन आमेन झालं. पाळकसाहेबांनी प्रवचनात नाव न घेता तिचाच दाखला दिला. बायका माझे हात धरून म्हणाल्या, असं लेकरू द्यावं देवाने. सोरिन गीतांच्या पुस्तकात मान घालून बसली होती. कान लाल. विनय आहे पोरीत.

२९ ऑक्टोबर

तालमीत सेटचा जिना खचला. ओन्यू वर होती. घोटा दोन ठिकाणी मोडला. तिची पाळी होती म्हणून ती वर होती, उद्या सोरिन असती. — हे मनात आलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. मग लाज वाटली. रात्रीच्या प्रार्थनेत डोळे मिटवेनात.

प्रयोग २१ नोव्हेंबरवर गेला.

२ नोव्हेंबर, रविवार

सोरिन आज चर्चला आली नाही. परत आले तर अंथरुणातच. खोदून खोदून विचारलं तेव्हा तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

त्या पूजेचा कुणीतरी फोटो काढला होता. चटईवर सगळे पालथे, एकसारखे काळे कपडे, कोण कोण ते कळत नाही. पण चटईच्या कडेला बूट काढलेले. जिना पडल्यावर मुलांनी ते बूट मोजले. कलाकार तेवीस आणि बूट बावीस जोड. कोण नव्हतं, कोण नव्हतं, असं सुरू झालं. सोरिन म्हणाली, मी नव्हते.

म्हणजे माझ्यामुळे. उभी ती राहिली, पण उभं मी केलं. आणि जिना पडला दुसऱ्याच्या लेकीवर.

प्रभू, तुझंच ऐकलं ना मी?

५ नोव्हेंबर

तालमीची वेळ बदलली तर हिला कळवत नाहीत. ही पोचते तेव्हा सगळे घामाने निथळत बाहेर पडत असतात. "देवाची लाडकी आली, वाट द्या." डब्याशेजारी कुणी बसत नाही. समूहगीतात हिची ओळ आली की मागचे सगळे आवाज खाली आणतात, अगदी ठरवून. मास्तर पेटीवरून मान वर करत नाहीत.

घरात गाणं बंद. पूर्वी भांडी घासतानासुद्धा सूर धरायची, मी ओरडायचे. आता नळाचाच आवाज.

ह्यांना म्हटलं, जाऊन बोला कुणाशी तरी. तर म्हणाले, "काय बोलू? जिना सुताराने चुकीचा ठोकला म्हणून? ते त्यांनाही माहीत आहे गं. पण सुतारावर रुसून काय मिळणार?"

९ नोव्हेंबर, रविवार

प्राध्यापकांनी सुचवलंय, एक वर्ष सुट्टी घे, तोवर निवळेल. भूमिका तिसऱ्या वर्षाच्या मुलीला देतील. सोरिनने अर्ज आणून टेबलावर ठेवला. खाली सहीच्या जागी पालकांचा शिक्का हवा. १७ तारखेपर्यंत.

"पुढच्या वर्षी परत जाशील ना?"

"परत कोण जातं, आई."

चार वर्षं. आवाज फुटेपर्यंत घोटलेली गाणी, बर्फ बांधून ठेवलेले गुडघे. सगळं त्या एका चौकोनात, माझ्या शिक्क्याच्या आकाराएवढ्या.

आणि आज चर्चमध्ये बायका काय म्हणाल्या? छळ होणारच, मुकुटही मिळेल. मी मान डोलावली. मुकुट नको होता मला. तिने भांडी घासताना गायलेलं हवं होतं.

शिक्का खणातून काढला. परत ठेवला. हिशोबाच्या वहीत आज चार दिवसांचं लिहायचं राहिलंय. लिहवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेज करून दवाखान्यात गेले. कुणाला न सांगता. ओन्यूचा पाय वर टांगलेला. तिचे वडील दक्षिणेकडच्या एका खेड्यातून आलेले, उशाशी बसून मोठ्याने प्रार्थना करत होते. ते तिथल्या चर्चचे पाळक आहेत, हे मला आजच कळलं. म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीबद्दल ऐकलं. खंबीर आहे."

मी ओन्यूचा हात धरला. म्हटलं, "पोरी, सोरिनला मीच अडवलं होतं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

तिने भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. "काकू, तसं नका ना बोलू," एवढंच. पेजेला हात लावला नाही. वडील म्हणाले, दुखतंय तिला.

बसमध्ये जागा असून उभी राहिले. क्षमा मागायला गेले होते, आणखी रडवून आले.

१४ नोव्हेंबर

हिवाळ्यासाठी आंबवायचा कोबी मिठात घातला. सोळा गड्डे. उद्या मसाला भरायचा. अर्जावर अजून शिक्का नाही. प्रार्थना होत नाही — गुडघे टेकते आणि नुसती बसून राहते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कपडे धुवायला सोरिनची पिशवी उपडी केली. तळाशी तो फोटो. कुणीतरी छापून हिच्या कॉलेजातल्या खणात टाकलेला, वर पेनाने 'लाडकी कुठाय?'

बूट मोजले. बावीस. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा जोड — टाचेवर निळा टाका.

ती कोबीची पानं पिळत होती. फोटो पुढे धरला. तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"ओन्यू गेली नव्हती चटईवर. तिला वडिलांना तोंड दाखवायचं होतं. मग ती तिकडे प्लास्टरमध्ये पडलेली, आणि इकडे ही मुलं बूट मोजतायत. काय म्हणायला हवं होतं मी?"

"मला तरी सांगायचंस."

"जेवायचं होतं ना, आई."

डुकराचं मांस उकडून तयार होतं, नव्या कोबीबरोबर खातात ते. एक तुकडा घेतला. मसाला भरलेल्या पानात गुंडाळला. माझ्या हाताने तिच्या तोंडात घातला. मग दुसरा.