बारावी प्रत

मी, श्रीमती कमल दशरथ तावडे, वय ७३, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे आणि उजवा खांदा कामातून गेले आहेत, पण डोके जागेवर आहे, याबद्दल डॉ. रश्मी अहिरे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याने माझा मुलगा सौरभ रोज सकाळी "आई, त्या धुडाचं काय करायचं?" असे विचारतो, त्याला मी दबाव धरत नाही.

कलम १. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि नव्या इमारतीत मिळणारी जागा सौरभला द्यावी. त्यालाच मी व्यवस्थापक नेमते. तो भाजीवाल्याकडेही पावती मागतो, त्यामुळे काही गहाळ होणार नाही.

कलम २. घरातील कलावस्तूंविषयी. यातली एकही माझ्या हातची नाही, म्हणून खुलासा करणे भाग आहे. मी छापचित्रे करते, घाटकोपरचे भीमराज कांबळे मातीची भांडी घडवतात आणि बोरिवलीच्या नीलम राणे काचकाम करतात. आम्हा तिघांचा गट आहे, नाव 'तिठा'. दरवर्षी एकत्र प्रदर्शन भरवायचे आणि शेवटच्या दिवशी न विकलेले काम आपापल्या घरी न्यायचे नाही, एकमेकांना देऊन टाकायचे, असा आमचा नियम आहे. आपलेच पडून राहिलेले काम टॅक्सीत मांडीवर घेऊन परत येण्यासारखे दुःख नाही. परिणामी माझ्या घरात भीमराजच्या किटल्या आहेत, ज्यांतून चहा कपाखेरीज सगळीकडे पडतो, आणि नीलमचे काचेचे मासे आहेत, ज्यांना पाहून पाहुणे "हे कोणी दिलं?" असे हळूच विचारतात. किटल्या नीलमला आणि मासे भीमराजला द्यावेत. दोघांनाही राग यावा असाच हेतू आहे.

कलम ३. रागाचे कारण नोंदवून ठेवते. मागील प्रदर्शन अंधेरीच्या एका गॅलरीत झाले. मांडणी मनाली नावाच्या मुलीने केली. मुलगी गोड आहे, पण तिला धड वस्तू दिसत नाही, मोडकी तेवढी दिसते. छापचित्रकाराचा दंडक असा की ठरलेल्या प्रती काढून झाल्या की जस्ताच्या प्लेटवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली ओरखडायची, म्हणजे पुढे कोणी चोरून प्रती काढू शकत नाही. अशी एक रद्द प्लेट मी चित्रे वाकू नयेत म्हणून खोक्याच्या तळाशी घातली होती. मनालीने चित्रे कोपऱ्यात लावली आणि प्लेट मधल्या भिंतीवर टांगली. खाली नाव दिले, 'नकार'.

"अगं, ती बाद झालेली प्लेट आहे," मी म्हटले.

"मॅम, एक्झॅक्टली! तेच तर पॉवरफुल आहे ना!"

तागाच्या कुर्त्यातले एक गृहस्थ त्या फुलीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि स्त्रीच्या दबलेल्या हुंकाराविषयी माझ्याशीच बोलले. भीमराजची एक किटली टेम्पोत तोटी तुटून आली होती, ती 'विस्थापन' ठरली. नीलमच्या निळ्या वाडग्यात पाहुण्यांनी पनीरच्या काड्या टाकल्या आणि तो 'लोकसहभाग' म्हणून मनालीने काढू दिल्या नाहीत. भीमराज म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी मी नुसती वीट ठेवतो, आपली वाट नाय लागणार." आम्ही तिघे पोट धरून हसलो. ते आमचे शेवटचे एकत्र हसणे.

कारण तो निळा वाडगा नियमाप्रमाणे भीमराजकडे गेला. महिन्याने नीलम त्याच्या घरी गेली, तर वाडग्यात मांजर दूध पीत होते.

"कारागिरीची काही किंमत आहे की नाय रे तुला?"

"आणि माझ्या किटलीत तू संडासचा ब्रश ठेवलायस, तो काय सत्कार आहे?"

तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, मला मात्र आळीपाळीने फोन करतात. तिठ्याच्या दोन वाटा फुटल्या आणि मी मधल्या वडाच्या झाडासारखी उभी आहे. मला याचे फार वाईट वाटते.

कलम ४. 'धूड' म्हणजे माझी छपाईची प्रेस. ती भंगारात जाऊ नये, एवढी एकच माझी खरी इच्छा आहे, बाकीची कलमे कागद भरण्यासाठी आहेत. शाईने माखलेले हात कागदाला लावता येत नाहीत, म्हणून हे काम एकट्याचे नव्हे. शाई मी भरायची. कोरड्या हातांनी कागद ठेवायचे आणि चाक फिरवायचे काम माझे यजमान कै. दशरथ यांनी केले. गिरणी बंद पडल्यावर त्यांना यंत्राशिवाय करमत नव्हते. प्रत निघाली की मी खाली पेन्सिलीने सही करायची आणि ते म्हणायचे, "कमल, सही तुझी, घाम माझो."

चाकावरच्या त्यांच्या हातांचे चित्र मी एका प्लेटवर कोरले. प्रती बारा ठरवल्या. प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्यात ती बारापैकी कितवी हे लिहायचे असते. अकरा निघाल्या आणि ते गेले. बारावीसाठी दुसऱ्या कोणाला चाकाला हात लावू द्यायला मन झाले नाही. त्यामुळे प्लेटवर फुलीही मारलेली नाही.

कलम ५. प्रेस भीमराज आणि नीलम यांना सामाईक द्यावी, वाटणी न करता. ती घाटकोपरला भीमराजच्या भट्टीशेजारी राहील आणि किल्ली नीलमकडे राहील. अट अशी की हलवण्यापूर्वी, याच घरात, बारावी प्रत काढावी. शाई भीमराज भरील, कारण त्याचे हात कधीच स्वच्छ नसतात. कागद नीलम ठेवील. या दोन कामांत न बोलता चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. नंतर फुलीची एकेक रेघ दोघांनी मारावी. प्लेट मात्र मनालीच्या नजरेस पडू देऊ नये.

चाक सौरभ फिरवील. ऑफिसातून सुट्टी काढावी लागेल, ती काढावी.

कलम ६. ती प्रत सौरभची. तिच्यावर सही करायला मी नसेन आणि माझी सही कोणी गिरवू नये. सौरभ, त्या जागी तुझ्या बाबांचे नाव लिही. चाक फिरवून हात भरून आलेले असतील, अक्षर थरथरले तरी खोडू नकोस.

इथवर लिहिलेले मी दोन्ही साक्षीदारांना स्वतः वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली आहे.

स्थळ : मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

(सही) कमल दशरथ तावडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. रश्मी अहिरे
२. (सही) नितेश परब, सचिव, गृहनिर्माण संस्था

साक्षीदारांची नोंद : श्रीमती तावडे यांनी प्रथम सवयीने पेन्सिलीने सही केली व डाव्या कोपऱ्यात '१/१' असे लिहिले. पेन्सिलीची सही चालत नसल्याने ती पेनने पुन्हा घेतली. कोपऱ्यातला आकडा त्यांनी खोडू दिला नाही.