ग्रह फोडायच्या खेळाचं गाऱ्हाणं

प्रिय आई,

आज सकाळी पालखी आपल्या दारात आली होती आणि सगळ्या वाडीसमोर मी तुम्हाला खुळी ठरवलं. म्हणून हे पत्र. तुम्ही होतात तेव्हा लिहायची वेळ कशाला येत होती? दिवसभर समोरासमोर तर असायचो. तुमचा संजय पालखीबरोबर खालच्या वाडीत गेलाय. दारापुढच्या खळ्यात गुलाल पडलाय तसाच आहे. केरसुणी घेऊन दोनदा उठले आणि परत येऊन बसले.

झालं ते असं. तुम्हाला जाऊन वर्ष व्हायचंय म्हणून आपल्याकडे यंदा गोडधोड नाही, पण ग्रामदेवता काही आपलं दार टाळून पुढे जात नाही. मी ओटी भरली. दरवर्षीप्रमाणे तात्यांनी पालखीपुढे हात जोडून आपल्या घरचं मागणं मांडायला, गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून माझ्याकडे वळले. "मने, गेल्या वर्साला तुज्या सासूनं तुज्यासाठी कसलासा गेम मागितलान. आला काय गो तो?"

ढोलवाले हसले. त्यांचं बघून बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मी काय म्हणाले असेन? "छे हो तात्या, ती आईंची आपली गंमत. शेवटी शेवटी त्यांना काही समजत नव्हतं."

तुम्हाला समजत नव्हतं! कुठल्या कलमाला यंदा मोहोर धरणार ते पान बघून सांगणाऱ्या तुम्ही! मी एसटीतून उतरले की माझ्या चपलांच्या आवाजावरून आज ऑफिसात कुणाशी वाजलंय ते ओळखणाऱ्या तुम्ही! मी मात्र एका वाक्यात तुमची सगळी अक्कल काढून घेतली, कशासाठी, तर ढोलवाल्यांनी हसू नये म्हणून.

मग मागून सुलभाकाकीचा आवाज आला. शेजारधर्म तिच्याइतका कोण पाळतो! "मंग नेहमीचाच घाला तात्यानू. हिचा पाळणा हलू दे म्हणा." तात्यांनी घातलं आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी मान खाली घालून उभी होते. संजय माझ्याकडे बघत होता, ते न बघताही कळत होतं.

आई, तुम्हाला आठवतं का, हे खूळ आपल्या घरात शिरलं कसं? तुमचा मुलगा मुंबईत, सणासुदीला येणारा. मी रत्नागिरीहून संध्याकाळच्या गाडीने यायचे, भात टाकायचे आणि खोलीचं दार लोटून लॅपटॉप उघडायचे. चाळिशीला टेकलेल्या सुनेने गेम खेळायचा म्हणजे चोरीच की! एकदा तुम्ही दार ढकललंत आणि पडद्याकडे बघत राहिलात.

"काय फुटला गो ता?"

"ग्रह."

"कोणी फोडलान?"

"मी."

तुम्ही आत आलात, खाटेवर बसलात आणि म्हणालात, "परत फोड बगू."

तो पूर्ण गेम नव्हताच. कुठल्याशा थंड देशातले दोघे भाऊ तो बनवत होते. बनवायला पैसे नाहीत म्हणून जगभरातल्या लोकांकडून त्यांनी आधीच पैसे गोळा केले होते, त्यात माझेही होते. हे तुम्हाला कसं समजवायचं या काळजीत मी होते, पण तुम्हीच म्हणालात, "म्हंजे वर्गणी!" इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. वर्गणी दिलेल्यांना चाखायला म्हणून त्यांनी एकच ग्रह दिला होता. आपली जहाजं जमवायची, त्याच्या भोवती नीट मांडायची, आणि वेळ साधून तो फोडायचा. घाई केली तर आपलीच जहाजं जळायची. फुटलेल्या तुकड्यांतून पुढची जहाजं बांधायची. ते ऐकून तुमचं समाधान झालं. "वाया जात नाय ना काय? मग फोड."

पण त्याच्यावर माणसं राहतात का, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत. शत्रू राहतात म्हटल्यावर विचारात पडलात. "त्यांना आधी निरोप धाडायला नको?" मी इतकी हसले होते! त्यानंतर रोज दिवेलागणी झाली की तुम्ही हात पुसत यायचात. बटण तुम्ही दाबायचं, हे ठरलेलंच. एकुलता एक ग्रह, रोज फुटायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर!

खरा गेम यायला उशीर होत गेला. भावांचं पत्र यायचं की अजून थोडं थांबा. ते मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवायचे. वर्गणी घेतलीय तर हिशेब द्यायला नको का, म्हणून तुम्ही त्यांना घरबसल्या झाडायचात. आणि एका पत्रात धाकटा आजारी आहे असं आलं, तर तेव्हापासून तुमचा राग गेला तो गेलाच. रोज मला विचारायचात, "त्या धाकल्याला बरा वाटला काय गो?" माझ्या सर्दीची तरी एवढी चौकशी केलीत का कधी?

आता माझी एक तक्रार ऐका. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यापासून तुम्ही दर पालखीला माझ्यासाठी मूल मागत आलात. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं, मनीला मूल होत नाही. मला एकदा तरी विचारायचंत, आई! संजयने आणि मी डॉक्टरांकडे जाणं थांबवलं, आता आहे हे असंच, असं दोघांनी ठरवलं, ते तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुम्हाला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. नाहीतर गेल्या वर्षीच्या माघात तुम्ही अचानक असं का विचारलंत?

"मने, तुला काय व्हया?"

मी जहाजं मांडत होते. मान वर न करता म्हटलं, "हा गेम आला ना, की झालं."

मला काय माहीत तुम्ही ते धरून ठेवाल! शिमग्यात पालखी आली, तात्या पाळणा म्हणायच्या आत तुम्ही पुढे झालात आणि खणखणीत आवाजात सांगितलंत, "यंदा ता नको. माज्या सुनेला एक गेम व्हया. ग्रह फोडायचा. दोघे भाव बनवतायत, त्यांना यश दे. धाकल्याला बरा कर." तात्या गोंधळले. पण घातलं त्यांनी, जमेल तसं, आणि सगळी वाडी हसत हसत का होईना म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पालखी फाटकाबाहेर पडली आणि मी तुमच्यावर तुटून पडले. माझी अब्रू घालवलीत म्हणाले. आता तोंड कुठे दाखवू म्हणाले. तुम्ही इतकंच म्हणालात, "हसले, पन व्हय म्हाराजा बोलले ना?"

इतकी वर्षं तुम्ही मूल मागत होतात, तेव्हा मी निमूट उभी राहिले. तेव्हा कधी भांडले नाही. आणि ज्या वर्षी तुम्ही मला विचारून, मला हवं ते मागितलंत, त्या वर्षी भांडले! हे माझ्या आज लक्षात आलं, सुलभाकाकीच्या मागे सगळे ओरडले तेव्हा. शरमेने कान तापले माझे. सकाळपासून तापलेलेच आहेत.

त्या भांडणानंतर मी खोलीचं दार पुन्हा लोटायला लागले. तुम्ही दोनतीन वेळा हात पुसत दारापर्यंत आलात. मी डोकं दुखतंय म्हटलं. मग तुम्ही यायचं सोडलंत. मला वाटत होतं, दिवाळीपर्यंत निवळेल सगळं, खरा गेम आला की मीच तुम्हाला हाक मारीन. श्रावणात दोन दिवसांच्या तापाने तुम्ही गेलात. एवढी कसली घाई होती हो?

तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच आहे. परवा भावांचं पत्र आलं. गेम पुरा होत आलाय. पावसाच्या आधी देतो म्हणतायत, आणि या वेळी खरं वाटतंय. पत्राच्या खाली दोघांचा फोटो आहे. धाकटा बारीक झालाय, पण हसतोय. वाचल्यावर मी "आई!" अशी हाक मारली आणि मग माझी मलाच लाज वाटली. घरात मरण झालेलं, वर्षही सरलेलं नाही, आणि ही बाई खेळाची वाट बघतेय! पण बघतेय, आई. खोटं कशाला सांगू? लहान मूल जत्रेची बघतं तशी बघतेय. ही आनंदाची बातमी कुणाला सांगायची असते तर ती तुम्हालाच. म्हणजे आज तात्यांनी विचारलं तेव्हा मला खरं उत्तर ठाऊक होतं. "येतोय तात्या, आईंचं गाऱ्हाणं देवाने ऐकलं," एवढंच म्हणायचं होतं. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

मघाशी संजय खालच्या वाडीतून पाणी प्यायला येऊन गेला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने तांब्या जागेवर ठेवला. मग म्हणाला, "आई मला फोनवर विचारायची, खऱ्या गेमात किती ग्रह असतील म्हणून." हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!

उद्या पालखी गावच्या चौथऱ्यावर, सहाणेवर बसेल. सगळ्या वाड्या येतील, मुंबईकर येतील, आजच्या दसपट माणसं असतील. मी जाणार आहे, आणि सुलभाकाकीने तोंड उघडायच्या आत पुढे होणार आहे. तात्यांना सांगणार आहे की सकाळचं गाऱ्हाणं आमच्या घरचं नव्हतं, ते परत घ्या. माझ्या सासूला सगळं समजत होतं, मीच खोटं बोलले, हेही घाला त्यात. आमचं गाऱ्हाणं गेल्या वर्षीचंच. ग्रह फोडायचा खेळ सुखरूप येऊ दे, धाकट्याला उदंड आयुष्य दे. गेम आला की तुमच्या फोटोसमोर खाट ओढून बसेन, दार सताड उघडं ठेवून, आणि पहिला ग्रह फोडायच्या आधी त्याच्यावरच्या माणसांना निरोप धाडीन.

हसतील उद्या सगळे. हसू देत. व्हय म्हाराजा तर त्यांना म्हणावंच लागेल.

तुमची,
मनी