व्हरांड्यातली खाट

आप्पा, आज बेळगावला गेले होते. टांगा त्या छातीच्या दवाखान्यावरून गेला आणि तुमची आठवण आली. मला क्षय झाला तेव्हा तुम्ही मला निपाणीच्या घरात मागच्या खोलीत ठेवलंत, ताटवाटी वेगळी केलीत आणि सगळ्यांना बजावलंत, पोरीपुढं आजाराचं नाव काढायचं नाही. जो तो दारातनंच म्हणायचा, "होशील बरी." मला वाटायचं, मी मरणार हे ह्या सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मला कुणी सांगत नाही. मग त्या दवाखान्यात आणलंत, तिथंही तुम्ही निराळी खोली मागितलीत. आम्ही जैन, आमची पोर दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे कारण दिलंत. खरं कारण मला कळत होतं. बाहेर व्हरांड्यात खोकणाऱ्या बायका माझ्या नजरेला पडायला नको होत्या.

तुम्ही परतलात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांतली खानापूरकडची एक आक्का माझ्या दारात उभी. "रगत पडतंय व्हय गं?" मी म्हटलं, पडतंय. "भ्या वाटतंय?" आप्पा, मी इतकी रडले, आणि रडून इतकं हलकं वाटलं की काय सांगू. ती म्हणाली, "मलाबी लई वाटतंय. चल, भाईर बसू." माझी खाट व्हरांड्यात गेली. तिथं रक्त पडलं तरी दडवावं लागत नव्हतं. माझ्यापायी त्या सगळ्याजणी ऊन असतानाच ताटं घेऊन बसायला लागल्या, आणि "हिच्यामुळं गरम तरी मिळतंय," म्हणून माझी चेष्टा करायच्या.

तुम्ही आलात आणि ते बघून संतापलात. "हितं बसून आजार वाढवून घेतीस? चल घरी." त्या मागच्या खोलीत परत गेले असते तर मी जगले नसते, असं मला आजही वाटतं. आक्काचा नवरा तिला भेटायला आला होता. "मालक, जरा माझ्यासंगं या," म्हणत तो तुम्हाला अंगणातल्या चिंचेखाली घेऊन गेला. बऱ्याच वेळानं परत आलात आणि एवढंच म्हणालात, "ऱ्हा हितंच." आक्का पुढं त्या दुखण्यातच वारली. तरीही तिचा नवरा निपाणीच्या बाजाराला आला की तुमच्याकडं जेवल्याशिवाय जात नसे.

मी बरी झाले. तुम्हीही जाऊन किती वर्षं झाली. हा कागद कुठं धाडणार, पेटीतच राहील. पण तुम्हाला कधी बोलले नाही ते लिहिते. त्या दिवशी खाटेवरनं मला सगळं दिसत होतं. त्या परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून तुम्ही रडत होतात. मला वाईट वाटलं नाही, आप्पा. हायसं वाटलं. म्हटलं, आता आप्पांनाही कुणीतरी मिळालं.