आईच्या अंगठ्याची बिस्किटं

हुबळी,
७ डिसेंबर १९६८

चि. सौ. शेवंतास अप्पाचा जयभीम आणि आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुमची खुशाली कळव. वसंतरावांना आणि सासूबाईंना नमस्कार सांग. मिरजेला थंडी जास्त असेल, दवाखान्यातून रात्री परतताना कान बांधून येत जा. आमचा पोस्टमन हल्ली कधी येतो, कधी येत नाही, म्हणून हे पत्र मी स्वतः स्टेशनवरच्या पेटीत टाकणार आहे.

काम असं आहे. गेल्या वर्षी तुझे सासरे वारले, म्हणून तुमच्याकडे नाताळ झाला नाही आणि आपला डबाही गेला नाही. यंदा सण आहे. माहेरचा डबा नाही आला तर लोक काय म्हणतील? तेव्हा बिस्किटांना काय काय लागतं ते लगेच लिहून पाठव. मैदा किती, तूप किती, साखर आधी की मागून, सगळं लिही. मला उलटसुलट लिहिलेलं कळत नाही, ओळीनं लिही.

तू म्हणशील, आईला विचारा. विचारलं. ती हातानं 'एवढं' म्हणून दाखवते. तिच्या 'एवढं'चं माप मी कुठून आणू? शेजारच्या दुर्गव्वेला विचारलं. तिच्याकडूनच आई हे शिकली ना. ती म्हणते, रवा घातल्याशिवाय बिस्कीट खुसखुशीत होत नाही. बेकरीवाला बाबूअण्णा म्हणतो, रवा घातलात तर माझ्या भट्टीकडे येऊच नका. दोघंही नाताळ करणारे, एकाच प्रार्थनेला जाणारे, आणि रव्यावर एकमत नाही. मी कुणाचं ऐकू?

आई यंदा जरा थकली आहे, एवढंच. 'तुम्हीच करा' म्हणाली.

काल वस्तीत सहा डिसेंबरची सभा झाली. दरवर्षी आई म्हणते ती वंदना यंदा दुसऱ्या एका बाईनं म्हटली. आवाज फार बारीक, मागे बसलेल्यांना ऐकूच आला नाही.

पत्र लगेच पाठव. उशीर करू नकोस.

तुझा
अप्पा

⁂

हुबळी,
१४ डिसेंबर १९६८

चि. सौ. शेवंतास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कृती चांगली लिहिली आहेस. सासूबाईंनी नारळाच्या दुधात मळून तळायच्या त्या नाताळच्या कलकलांची कृती पाठवली, त्यांना माझे आभार सांग. दुर्गव्वेला वाचून दाखवली. तिनं आपल्या करंज्यांची कृती त्यांना कळवायला सांगितली आहे. सारणात सुकं खोबरं घ्यायचं, ओलं नाही, आणि खसखस भाजून घालायची. बाकीचे पदार्थ पुढच्या वर्षी. एका वर्षी एकच फजिती पुरे.

फजिती झालीच. तू लिहिलंस, तूप परातीत घेऊन तळव्यानं पांढरं होईपर्यंत फेसायचं. मला वाटलं, थंडीनं गोठलेलं तूप कसं फेसणार, म्हणून चुलीवर ठेवून पातळ केलं. पीठ मळून, पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडून, डोक्यावर घेऊन बेकरीत गेलो. तिथे या दिवसांत किती गर्दी असते ते तुला ठाऊक आहे. सगळ्या घरांचे ट्रे एकाच भट्टीत, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. कुणी बटण दाबतं, कुणी काट्याच्या रेघा मारतं. बाबूअण्णानं विचारलं, "अज्जा, खूण?"

मी म्हटलं, "आमची खूण अंगठा."

"तो अक्कांचा. त्या कुठायत?"

"घरी आहेत. यंदा माझा अंगठा."

ट्रे बाहेर आला तेव्हा गोळे विरघळून एकमेकांत मिसळले होते आणि माझा अंगठा कुठे गेला ते कळत नव्हतं. बाबूअण्णा म्हणाला, "अज्जा, रेल्वेत आयुष्य काढलंत म्हणून बिस्किटातही रेल्वेचा नकाशा काढलात व्हय?" सगळ्या बायका हसल्या. मला राग आला होता, पण वास चांगला होता. तुकडे घरी आणले. आईला दाखवले. तीही हसली. म्हणजे जेवढं हसता येतं तेवढं हसली.

तू विचारतेस, दर पत्राखाली 'आई सांगते' अशी ओळ असते, ती गेल्या खेपेला का नव्हती. तेव्हा आई नळावर गेली होती. आता झोपली आहे. सभेला का गेली नाही तेही विचारतेस. पाय दुखत होता. मागच्या पत्रात थकली लिहिलं आणि आता पाय, असं म्हणू नकोस. तू नर्स आहेस म्हणून बापाचा एकेक शब्द नाडीसारखा धरून बसायचं नसतं.

देशपांडे नगरातले डॉक्टर येऊन गेले. सहज.

आता तूप पातळ करणार नाही.

तुझा
अप्पा

⁂

हुबळी,
२० डिसेंबर १९६८

चि. सौ. शेवंतास आशीर्वाद.

परसू फायरमन मिरजेच्या गाडीवर आहे, त्याच्या हाती डबा आणि हे पत्र देतो आहे. डब्याचं झाकण सैल होतं म्हणून फडकं बांधलं आहे. मुंग्यांपासून जप. इंजिनावर ठेवू नकोस असं परसूला चार वेळा सांगितलं, तरी जिवाला चैन नाही.

बिस्किटं जमली. तूप फेसलं. हात भरून आला तरी फेसलं. आई खाटेवरून बघत होती आणि मी थांबलो की डाव्या हातानं खूण करायची, 'अजून'. दुर्गव्वेचा मान राखायला मूठभर रवा घातला आहे. बाबूअण्णाला सांगितलं नाही.

आता दुसरं. तुझ्या कालच्या पत्रात तू फक्त एक ओळ लिहिलीस, 'अप्पा, आईला काय झालं आहे?' मी ते पत्र खिशात घालून फिरतो आहे. गोकुळ रोडपर्यंत गेलो आणि परत आलो. तिकडे काही काम नव्हतं.

आईनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आहे. शेवंताला एक अक्षर कळवायचं नाही. तिच्या घरी एक वर्ष सुतक होतं, यंदा सण आला आहे, तो होऊ दे, मग सांगा. हे ती नीट बोलली नाही. तिच्या तोंडून जे निघालं त्यातून मी जुळवलं. डॉक्टर म्हणाले, मिरजेला मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा, दिवस घालवू नका. ती मान हलवते. नाताळानंतर. मी म्हटलं, "अगं, शेवंताला नंतर कळलं तर ती मला सोडेल का?" तर भिंतीकडे तोंड करून पडली. डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला आणि तिला काही झालं तर? न मोडता काही झालं तर? दोन्ही बाजूंनी मीच.

परवा सकाळी गोळे ट्रेवर मांडले आणि अंगठा दाबत होतो. अर्धा ट्रे झाला तेव्हा आईनं हाक मारली. हाक म्हणजे एक आवाज. तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि ट्रेकडे बघितलं. मला आधी कळेना. मग मी ट्रे खाटेवर नेला. तिचा तो हात माझ्या हातात घेतला. जड असतो. अंगठा धरून एकेका गोळ्यावर ठेवला आणि वरून माझ्या बोटानं हलकेच दाबला. जोरात दाबायची भीती वाटली. तिला कळत नाही, दुखलं तरी कळत नाही. उरलेला अर्धा ट्रे असा केला. वेळ लागला. ती एकेक बिस्कीट बघत होती, एखादं वाकडं पडलं की डोळ्यांनी सांगायची, परत.

बाबूअण्णानं ट्रे भट्टीत घालताना बघितलं. आमचा ट्रे मागच्या, कमी आचेच्या कोपऱ्यात ठेवला आणि भाजणावळ घेतली नाही.

डब्यात वरच्या थरातली खोल खळग्याची बिस्किटं माझी आहेत. ती पाहुण्यांना द्या. मध्ये कागद घातला आहे. कागदाखालची तिची आहेत. ती कुणाला देण्याआधी तू स्वतः उजेडात धरून बघ. खूण पुसट आहे, पण अंगठा तिचाच आहे.

आजाराचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. फक्त बिस्किटं कशी केली तेवढं लिहिलं. एवढ्यानं शब्द मोडत असेल तर मोडू दे, पाप माझं. डबा आता पोचलाच आहे, तेव्हा सासूबाईंना सांग, माहेराकडून सणाला काही कमी पडलेलं नाही. परसूची गाडी रविवारी सकाळी मिरजेहून इकडे फिरते. एका माणसाची जागा धरायला मी त्याला सांगून ठेवलं आहे.

'आई सांगते' ही ओळ या खेपेलाही मी लिहीत नाही. ती कागदाखाली आहे.

रविवारी स्टेशनवर उभा असलेला,
तुझा अप्पा