पाच स्पीकर उजव्या भिंतीला

लांजा
१४ जुलै २०२५

ती. भागोजीकाकांस,
पुतण्या रितेशचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर मिळालं. पाकीट बघून शेठला वाटलं मला कोर्टाची नोटीस आली. दिवसभर खूश होता. नंतर कळलं काकाचं पत्र आहे, तर तोंड पाडून बसला.

तुमची मागणी मी तीनदा वाचली, कारण पहिल्या दोनदा हसू आवरलं नाय. अकरा हजारात पाच स्पीकर आणि एक वूफरवालं होम थिएटर पाहिजे. कशाला, तर गेल्या गौरीला शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा जो गाण्यांचा सामना झाला त्याचं रेकॉर्डिंग लावायला. तुमचा चेला रघू आणि अख्खं मंडळ माजघरात बसवणार, ढोलकी एका स्पीकरातून, झांज दुसऱ्यातून, तुमचा आवाज तिसऱ्यातून काढणार, आणि सगळ्यांना दाखवणार की भागोजी शाहीर तालाला चुकला नव्हता. हे दाखवता आलं नाय तर यंदा शक्तीवाल्यांच्या मधोमध रघू बसणार आणि तुम्ही घरी. बरोबर ना?

काका, मी बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, पण एवढं मलापण कळतं. ते रेकॉर्डिंग ढोलकीवाल्या अजिंक्यच्या खिशातल्या मोबाईलचं. सगळा आवाज एकाच भोकातून आत गेलाय. तो पाच भोकांतून बाहेर काढलात तरी पाचही स्पीकर एकच गोष्ट बोलणार, जशा पाच मावश्या एकाच लग्नाची बातमी सांगतात.

आणि अकरा हजारात जो माल मिळतो तो मी रोज विकतो, म्हणून सांगतो. खोक्यावर दहा हजार वॉट लिहिलेलं असतं. खरोखर दहा हजार वॉट असते तर तुमचं पोफळीचं पॉवरहाऊस त्याच्यासाठीच ठेवायला लागलं असतं. पुढे निळे दिवे लुकलुकतात, मागे स्पीकरात कागद. परवा एक मुंबईकर आला, घर बांधतोय, बोलण्यात सगळा तोरा. मी वूफरची वायर काढून ठेवली आणि गाणं लावलं. तो छातीवर हात ठेवून बोलला की बेस काय जबरदस्त आहे, छातीत धडकतोय. बिल फाडलं. असली माणसं घेतात हो हे, तुम्ही कशाला त्या रांगेत उभे राहता.

तरी पाहिजेच असेल तर खोलीची मापं पाठवा, टीव्हीच्या पाठी कसली भोकं आहेत ते बघून कळवा, आणि पेन ड्राइव्ह पाठवा. फोन केला असता, पण तुम्ही उचलत नाय.

काकीला नमस्कार. लोभ कमी झाला असेल तर पत्राने तेवढा भरून काढा.

तुमचा,
रितेश


पोफळी
२१ जुलै २०२५

चि. रितेश यास,
भागोजी काकाचे अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. अक्षर पाहता बारावीच्या परीक्षकांची काही चूक दिसत नाही.

माजघर लांबी चौदा फूट, रुंदी दहा, उंची साडेनऊ. भिंती चिऱ्याच्या, गिलावा फक्त आतून. टीव्हीच्या पाठी लाल, पांढरे, पिवळे अशी तीन भोके आहेत, चौथे भोक आहे त्यात पाल राहते.

मी पॉवरहाऊसमध्ये एकतीस वर्षे काढली. मशीनला हात न लावता, नुसत्या आवाजावरून कुठले बेअरिंग जाणार ते मी इंजिनीयरला सांगत असे. इंजिनीयर पुस्तक काढून बघे, मग मीच खरा निघे. तेव्हा आवाज कशातून निघतो आणि कशातून निघत नाही हे मला दुकानात खोकी उचलणाऱ्याने शिकवू नये.

आषाढातल्या मीटिंगला रघू सगळ्यांसमोर बोलला की शाहीर तालाला घसरतो, आता वयाचा मान राखून बाजूला बसावे. रघू. ज्याला गण कुठे संपतो आणि गवळण कुठे सुरू होते ते मी पाठीवर थाप मारून सांगत आलो. पाटावर ढोलकीचे ठेके धरायला शिकवले मी, आणि ताल याने मला शिकवायचा. कोरसातली दोन माणसे मान हलवत होती. अजिंक्य खाली बघत होता. त्याला मी नंतर बघून घेईन.

तेव्हा पाचच स्पीकर पाहिजेत. ती टीव्हीखाली ठेवायची लांब पाटी तू मागे एकदा म्हणाला होतास, ती नको. ताल गोल असतो, पाटीतून येत नाही. आमची जाखडी जुन्या पद्धतीची. शाहीर, ढोलकी, झांज मधोमध आणि नाचणारे भोवती फेर धरून. मी तीस वर्षे त्या फेराच्या मधोमध बसलोय. मला तसाच आवाज पाहिजे.

फोन मी उचलत नाही कारण इथे रेंज नसते आणि फोनवर माणूस खोटे बोलतो. पेन ड्राइव्ह चिपळूणच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो आहे, त्याच्याकडून घ्यावा, चहा पाजावा.

आशीर्वाद आहेत, पण जपून वापर.

भागोजी


लांजा
२८ जुलै २०२५

ती. काकांस,
रितेशचा सा. न. वि. वि.

कंडक्टरला चहा पाजला, त्याने भजीपण खाल्ली, ती तुमच्या नावावर.

शेठ जेवायला घरी गेला तेव्हा दुकानातल्या सगळ्यांत महाग डेमोवर तुमचं रेकॉर्डिंग लावलं. पंचेचाळीस हजाराचा सेट, त्याला हात लावायची मला परवानगी नाय. मग मोठा हेडफोन घालून परत ऐकलं. मग परत. शेठ आला तेव्हा मी डोळे मिटून मांडी ठोकत होतो. त्याला वाटलं मी पिऊन आलोय.

काका, रघू खोटारडा आहे, गुळगुळीत आहे, आणि त्याचा आवाज ओल्या पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे. पण तुमचा ताल चुकतो ते खरं आहे. चौदा मिनिटांच्या गाण्यात नऊ वेळा.

आता पत्र फेकू नका, पुढे गंमत आहे. तुम्ही वाटेल तिथे चुकत नाय, तुम्ही टाइमटेबलने चुकता. तुमच्यात जो पुढचा नाच्या आहे, जाड घुंगरूवाला, तो फेर धरून फिरतो ना? तो अजिंक्यच्या खिशाजवळून गेला की घुंगरू मोबाईलमध्ये दणदणीत वाजतात. आणि दर वेळी तेव्हाच तुम्ही अर्धी मात्रा पुढे. नाच्या पलीकडे गेला की परत गाडी रुळावर. परत जवळ आला, परत घसरली. नऊच्या नऊ वेळा. एसटीपण एवढी वेळेवर चुकत नाय.

याचं कारण मला कळलेलं नाय. नाच्या तुम्हाला चिमटा काढून जातो का?

आता माल. अकरा हजारात तीन गोष्टी आहेत. एक, निळे दिवे, पाच स्पीकर, सहा महिने टिकेल. दोन, लांब पाटी, म्हणजे साउंडबार, जी तुम्हाला नको. तीन, एका रिटायर मास्तरांचे जुने दोन स्पीकर आणि ॲम्प्लिफायर, लाकडी, जड, साडेचार हजार. आवाज असा की ढोलकीची शाई ओली आहे का सुकलेली ते कळेल. मी तीन नंबर घ्या सांगतो. तुम्ही एक नंबर घेणार. लोक तेच करतात, मग मला शिव्या देतात.

राग आला तरी नातं तेवढं राहू द्या.

रितेश


पोफळी
२ ऑगस्ट २०२५

चि. रितेश यास,
तुळसाकाकीचे आशीर्वाद.

मेल्या, काय लिहिलंस त्या पत्रात? तुझ्या काकाने ते चुलीत घातलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाय, जसं काय मीच लिहिलंय. जेवतो तेवढं, पण भात ढवळत बसतो.

आता मी सांगते ते पोटात ठेव. मी सांगितलं असं कळलं तर मला माहेरी जावं लागेल, आणि माहेरी आता कोण आहे? त्याचा डावा कान गेला आहे. पुरा. पॉवरहाऊसमध्येच गेला, रिटायर व्हायच्या आधीच. डॉक्टरने चिठ्ठी दिलेली, ती याने फाडली. रेंज नाय ते सगळं खोटं, रेंज ढीग आहे. फोन डाव्या कानाला लावायची सवय, उजव्याला लावला की लोक विचारतील. म्हणून लावतच नाय. टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारीण कमळा भिंतीपलीकडे बसून मालिका फुकट बघते.

मीटिंगला सगळे बसलेले तेव्हा मला बोलायचं होतं. पण मग काय होईल? आपल्या मंडळातले हसतील ते हसतील, पण गौरीला समोर तुरेवाले बसणार. टोमणे मारायलाच तर येतात ते. बहिऱ्या शाहिरावर अख्खं गाणं रचतील, गावभर वाजेल. त्याला त्याचीच भीती आहे. दुसरं काही नाय.

अजिंक्य कायम त्याच्या डाव्या हाताला बसतो. त्याच्या गुरूंच्या वेळेपासून ढोलकी डावीकडेच. आता तू हुशार आहेस ना, मग इथे ये आणि काय ते कर. स्पीकर घेऊन ये, नायतर घेऊन येऊ नको, पण ये. येताना लांज्यातून सालीवाले काजू पण आण अर्धा किलो, घासाघीस करून.

तुझी,
काकी


लांजा
१२ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
रितेशचा सा. न. वि. वि.

रविवारी मी एक नंबरचा सेट घेऊन आलो, पाचही स्पीकर माजघराच्या उजव्या भिंतीला एका ओळीत लावले आणि तुम्ही ओरडायच्या आत शेवटच्या एसटीने पळालो. कमळाकाकी खिडकीतून बघून बोलली की हे काय कावळे बसवलेत का तारेवर. आता गावात सगळे विचारत असतील. तेव्हा सांगतो.

मी चेष्टा करत होतो, पण तुमची नाय.

आधी मी, तुम्ही ज्याला ढोलकीचा म्हणत होता, तो स्पीकर डावीकडे ठेवला. तुम्ही बोललात हा खराब आहे, बदल. मी बदलला. तोपण खराब. तिसरापण खराब. मी गप तोच पहिला स्पीकर उचलून उजवीकडे ठेवला आणि तुम्ही बोललात की हा ठीक आहे, हा ठेव. काका, स्पीकर डावीकडे गेला की खराब होतो आणि उजवीकडे आला की बरा होतो, असली खराबी वॉरंटीत बसत नाय. मला कोणी काही सांगितलेलं नाय. मी दुकानात दिवसाला वीस गिऱ्हाइकांचे कानच बघतो.

तुम्ही चहा पीत होता आणि तुमची बोटं बशीवर ठेका धरत होती. उजवीकडून ढोलकी येत होती. अर्धा तास. एकदापण घसरली नाय. मी मोजत होतो, आणि मला मोजायचा कंटाळा आहे हे तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा हिशोब सोपा आहे. अजिंक्यची ढोलकी तुम्हाला किती वर्षांत नीट ऐकूच आलेली नाय. तुम्ही ताल घेता त्या जाड घुंगरांवरून. तो नाच्या उजवीकडे असतो तोवर बरं, डावीकडे गेला की तुम्ही अंदाजाने गाता. एका कानावर चौदा मिनिटं, आणि चुका फक्त नऊ. रघूला डोळे बांधून त्याच्या घराच्या ओटीवर सोडला तर तो विहिरीत पडेल.

अजिंक्यला उजवीकडे बसवा. एवढंच. गुरूंची गादी, डावा हात, परंपरा, हे मला ऐकवू नका. गुरूंचे दोन्ही कान चालत होते.

तुरेवाले गातील, हे खरं. त्याच्यावर माझ्याकडे औषध नाय. तो माल आमच्या दुकानात येत नाय.

सेट परत करायला आठ दिवस आहेत. शेठला सांगितलंय की गिऱ्हाईक जरा विचित्र आहे.

शिव्या द्यायच्या तर पत्रातूनच द्या, म्हणजे जपून ठेवता येतात.

रितेश


पोफळी
५ सप्टेंबर २०२५

चि. रितेश यास,
भागोजी काकाचे अ. उ. आ.

सेट कंडक्टरबरोबर परत पाठवला होता, तो पोचल्याचे तू कळवले नाहीस. मास्तरांचे दोन लाकडी स्पीकर घेऊन ठेव. निळे दिवे मला पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते.

तुला कोणी सांगितले ते मी विचारत नाही. या घरात दोनच माणसे राहतात आणि त्यातला मी नाही.

गौरीपूजनाच्या दुपारी सामना झाला. खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी अजिंक्यला उजव्या हाताला बसायला सांगितले. तो रघूकडे बघू लागला. मी म्हणालो की रघूकडे काय बघतोस, ढोलकी उचल. रघू लोकांना ऐकू जाईल असे बोलला की आजवर असे कधी झाले नाही. समोर तुरेवाले एकमेकांना ढोसत होते. उजव्या भिंतीच्या स्पीकरांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. कमळा पोचवणारच. त्यांच्या शाहिराच्या हातात वही होती, तीन पाने नवीन लिहिलेली. लिहिलेले काय असणार ते कळायला मला वाचावे लागले नाही.

पहिली बारी आमची होती. गण झाला, गवळण झाली. मग माझ्या मनात काही नसताना तोंडातून निघाले, कोरसाला चाल माहीत नव्हती तरी त्यांनी दुसऱ्या फेरीला उचलली:

डावा कान मी वाहिला सरकारला, पेन्शन मिळते उजव्याला,
एकच कान पुरतो रे तुरेवाल्या, तुझ्या असल्या गाण्याला.

लोक एवढे हसले की मला तेही एका बाजूने पुरेसे ऐकू आले. तुरेवाल्याने वहीची तीन पाने उलटली, आणि मग त्याच्याकडे कोऱ्या पानांशिवाय काही राहिले नाही. त्याने जुनेच गाणे म्हटले, ते आम्ही चार वर्षांपूर्वी मारलेले. ढोलकी उजवीकडून स्पष्ट येत होती. अजिंक्य बरा वाजवतो. इतकी वर्षे मला वाटे तो दबून वाजवतो.

पुढल्या वर्षीची सुपारी माझ्याच नावावर आली आहे.

परवा रघू ओटीवर आला. गडबडीत माझ्या डाव्या बाजूला बसला आणि बराच वेळ बोलला. हात जोडत होता, मध्येच डोळे पुसले. तुळसा आतून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी मधून मधून मान हलवली. दुसऱ्या बाजूला येऊन बस असे मी त्याला सांगितले नाही.

लोभ आहे. मोठ्याने सांगणार नाही.

भागोजी